दोन तासांनी या

साडीला फॉल लावणाऱ्या माणसाच्या तोंडी दोनच वेळा असतात. 'मंगळवारी या' आणि 'दोन तासांनी या'. पहिली लग्नसराईतली, दुसरी एरवीची. दोन्हींवर विश्वास ठेवायचा नसतो, पण मंगळवार मिळाला तर निदान घरी तरी जाता येतं. दोन तासांचं काय करायचं? घरी जाऊन परत यावं तर जाण्यायेण्यातच ते संपतात. दुकानाच्या पायरीवर बसून राहावं तर तो माणूस अशा नजरेनं बघतो, की उशीर जसा काही आपल्यामुळेच होतोय.

गेल्या आठवड्यात मी या दोन तासांत सापडले.

झालं असं, की भाचीच्या साखरपुड्याला काय नेसायचं याचा घोळ चालू असताना सासूबाईंनी ट्रंकेतून त्यांची इरकल काढून माझ्या मांडीवर ठेवली. लाल-पांढरा टोपी पदर, बोटभर काठ आणि अंगभर कोनफळी, म्हणजे कोनफळाच्या कंदाच्या गरासारखा रंग. साडी चाळीसेक वर्षांची, पण सूत अजून खणखणीत. फॉल तेवढा विरून गेला होता, हात लावला की धागे सुटून यायचे.

"फॉल बदलून घे," सासूबाई म्हणाल्या. "कोनफळीच बघ. जांभळा नको. वांगी तर मुळीच नको."

मी बरं म्हटलं. दारात चपला घालताना पुरवणी आली. "आणि शेवळं दिसली तर घेऊन ये गं. पाऊस पडून गेलाय, आली असतील." शेवळं म्हणजे पहिल्या पावसात येणारी रानभाजी.

आम्ही राहतो घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे. पत्त्यात ठाणे पश्चिम, महापालिका ठाण्याची, घरपट्टीही ठाण्यालाच भरतो. तरी आमच्या सोसायटीत सगळे 'जरा ठाण्याला जाऊन येते' असं म्हणतात, मध्ये एखादा घाट लागत असल्यासारखं. त्यांचं ठाणं म्हणजे स्टेशनाभोवतीचं: नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका, तलावपाळी, टेंभी नाका. माझं माहेर नौपाड्यातलं, त्यामुळे मी 'ठाण्याला' म्हणत नाही, 'मार्केटात' म्हणते. पण बसमध्ये लागणारा वेळ काही माहेर बघत नाही. मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत स्टेशन गाठायला मला त्या दिवशी एक तास दहा मिनिटं लागली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली देशातली पहिली प्रवासी गाडी, चौदा डबे आणि चारशे पाहुणे घेऊन, ३४ किलोमीटर तासा-सव्वा तासात आली होती. माझं अंतर त्याच्या निम्मंही नाही. शिवाय त्यांना तोफांची सलामी मिळाली. मला खिडकी मिळाली, तेवढ्यावर मी खूश होते.

जांभळी नाक्याजवळच्या एका गल्लीत मॅचिंगचं एक दुकान आहे. शाळेत असताना आईचं बोट धरून जायचे, अजून तिथंच जाते. दोन हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतील एवढीच रुंदी, उंची मात्र माळ्यापर्यंत. एका भिंतीला टू बाय टू रुबियाचे तागे, पांढऱ्यापासून निघून काळ्यावर संपणारे. समोरच्या भिंतीला खण, आणि खणाखणांत वेटोळी करून ठेवलेले फॉल. फॉल म्हणजे काय, तर पाच इंच रुंदीची, तीनेक मीटर लांब सुती पट्टी. नेसल्यावर कुणाला दिसायची नाही अशी जागा. तरी तिच्यासाठी बायका तासभर रंग जुळवतात आणि न जुळला तर चालत्या लग्नातून जीव उडतो. हे पुरुषांना समजावत बसू नये. आमच्या घरी मी तो प्रयत्न दोनदा केला आहे.

गल्ल्यावर एक नवा मुलगा होता. त्यानं साडी बघितली आणि पटकन एक वेटोळं काढून टाकलं. "हे घ्या, वाइन."

"वाइन नको, कोनफळी हवाय."

"कोण?"

"कोनफळी."

त्यानं मागं वळून काकांकडे बघितलं. त्याचं काही चुकलं नाही. कोनफळ कापलेलं त्यानं कधी बघितलंच नसेल, तर रंग कुठून ओळखणार? आपल्याकडे रंगांना नावं बाजारातल्या टोपलीतून मिळाली. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, वांगी, श्रीखंडी. ती टोपलीच घरात येईनाशी झाली की मग वाइन येणार, आणि तिच्या मागोमाग पीच आणि रस्ट. एक चिंतामणी रंग तेवढा या टोपलीतला नाही. तो नक्की कुठला हे मला अजून कळलेलं नाही, आणि दुकानापासून दोन मिनिटांवरच्या चिंतामणी चौकातही ते कुणी सांगत नाही. माझी लहानपणची मोठी अडचण जांभळी नाक्याची होती. तिथं जांभळं असं काहीच का नाही, हा प्रश्न मी वडिलांना इतक्या वेळा विचारला, की एकदा त्यांनी थांबून एका साइनबोर्डाकडे बोट दाखवलं. आता त्याच नाक्यावर उभी राहून मी 'जांभळा नको हो' म्हणत होते.

काका उठले. साडीचं टोक धरून ते उंबऱ्यापाशी आले, बोर्डाच्या सावलीतून अर्धं पाऊल बाहेर. हातात तीन फॉल. "ट्यूबखाली बघू नका, घरी जाऊन शिव्या द्याल," म्हणाले. आभाळ भरलेलं होतं. ते बरं झालं म्हणाले, उन्हात यातला लाल पुढे येतो. एकेक फॉल साडीवर टाकून त्यांनी डोळे बारीक केले. मग जे केलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. साडीची घडी उलगडून त्यांनी आतली बाजू वर आणली. चाळीस वर्षांत तिथं उजेड पोचलेला नव्हता. आतला रंग ओल्या मातीतून काढल्यासारखा गर्द, बाहेरचा धुऊन धुऊन राखेकडे झुकलेला.

"कुठला धरू? आतला की बाहेरचा?"

मी गप्प. हा प्रश्न सासूबाईंनी विचारात घेतलेला नव्हता.

"बाहेरचा धरू या," त्यांनीच ठरवलं. "साडी काही आता मागं जायची नाही."

तिन्हींतला मधला निघाला. अडतीस वर्षांत, म्हणजे मी तिथं जाऊ लागले तेव्हापासून, त्यांचा रंग चुकलेला मला आठवत नाही.

फॉल-पिकोवाला मात्र नवा होता. माझी नेहमीची बाई गावाला गेलेली, तिच्या शेजारणीनं हा सुचवला. एका इमारतीच्या जिन्याखाली मशीन, वर कपड्यांच्या पिशव्यांचा ढीग, प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली. मी विचारलं, "हातशिलाई ना?" तर म्हणाला, "हातशिलाईच ताई. वरून एक टाका दिसला तर पैसे देऊ नका. दोन तासांनी या."

आणि मी रस्त्यावर आले. हातात छत्री, रिकामी पिशवी आणि दोन तास.

मागच्या दिवाळीत सांगलीहून नणंद आली होती. तिनं विचारलं, ठाण्यात बघण्यासारखं काय आहे? ह्यांनी दोन मॉलची नावं सांगितली आणि मग बराच वेळ विचार करून येऊर म्हणाले. मला राग आला होता, पण मीही पटकन काही बोलले नाही. आपल्या गावात आपण कधी काही बघायला म्हणून जात नाही. जातो ते चेन बसवायला, चष्म्याची काडी वाकवून घ्यायला, दळण टाकायला, आणि मग कुणीतरी आपल्याला दोन तासांनी या म्हणतं.

तर पहिलं कोपिनेश्वर. तिथं पाय आपोआप वळतात, एक तर ते वाटेवर आहे आणि दुसरं म्हणजे सभामंडपात बसायला मिळतं. आतली पिंड इतकी मोठी आहे, की लहानपणी मी ठरवून टाकलं होतं, आधी पिंड आली आणि मग तिच्याभोवती देऊळ बांधलं. नाहीतर ती दारातून आत जाईल कशी? पिंड तलावात सापडली असं सांगतात. देऊळ १७६० च्या सुमाराला सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलं आणि १८७९ मध्ये लोकवर्गणीतून त्याची डागडुजी झाली. हे साल माझ्या लक्षात राहायला कारण दुसरंच आहे. टेंभी नाक्याला बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचं सिनेगॉग आहे, शार हशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. तेही १८७९ चंच. मागे एकदा अशाच कसल्याशा खोळंब्यात तिथवर चालत गेले होते. एकाच वर्षी, चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, गावातले काही लोक महादेवासाठी वर्गणी काढत होते आणि काही लोक स्वर्गाचं दार उभं करत होते. आणि दोन्हीकडचे हिशेब मराठीतच झाले असणार. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे ते हे लोक, घरात मराठीच बोलणारे.

देवळातून बाहेर पडलं की तलावपाळी. नकाशात त्याचं नाव मासुंदा, पण तसं म्हणणारा ठाणेकर मला भेटलेला नाही. तलाव म्हणजे पाणी आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. आम्ही पाण्यापेक्षा पाळीला जास्त मानतो, कारण आमचं सगळं आयुष्य पाळीवर गेलं. घोडागाडीचा हट्ट पाळीवर, कणीस पाळीवर, परीक्षा संपल्यावरची भेळ पाळीवर. एका मैत्रिणीचं लग्नही पाळीवरच जमलं आणि तिथंच मोडायला आलं होतं. दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी इथून राम मारुती रोडपर्यंत तरुण पोरापोरींचा असा पूर येतो, की नवा कुर्ता दिसण्यापुरतीही जागा उरत नाही. आम्हीही ते केलं आहे. आता गर्दीला नावं ठेवतो.

त्या दिवशी मात्र पाळीवर शुकशुकाट होता. भुरभुर चालू होती. होड्या काठाला बांधून एकमेकींवर आपटत होत्या. कणीसवाल्यानं छत्री स्वतःवर न धरता शेगडीवर धरली होती. मी एक कणीस घेतलं. त्यानं लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून ती कणसावर वरपासून खालपर्यंत फिरवली, पुन्हा बुडवली, पुन्हा फिरवली, आणि शेवटी फोड पिळून टाकून दिली. भाजलेल्या दाण्यांवर ते पाणी चर्र वाजलं. समोर सेंट जॉनचं चर्च, पोर्तुगीज अमदानीपासून या पाण्याकडे बघत असलेलं. पलीकडे गडकरी रंगायतन. १९७८ पासून ठाण्यातल्या माणसाला नाटक बघायला दादरला जायची गरज उरली नाही ती त्याच्यामुळे. मी तिथं पाहिलेल्या निम्म्या नाटकांची नावं विसरले आहे, पण मध्यंतरातला बटाटेवडा आणि तिसरी घंटा झाली तरी तो हातातच असल्याची धांदल विसरलेली नाही.

कणीस संपेपर्यंत चाळीस मिनिटं झाली होती. पायांना अजून उत्साह होता, पण कारागृहाच्या बाजूला जायचं मी टाळलं, पाऊस वाढत होता. खरं तर सबंध ठाण्यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तिथलीच आहे. तुरुंग म्हणजे पूर्वीचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये तो बांधायला घेतला आणि काम पुरं व्हायच्या आत, १७३७ मध्ये, मराठ्यांनी तो घेतलासुद्धा. (आपल्याकडे रखडलेल्या बांधकामांची परंपरा जुनी आहे.) पुढे तो इंग्रजांकडे गेला. त्यांनी पेशव्यांच्या त्रिंबकजी डेंगळ्यांना इथं कैदेत ठेवलं. पहारा गोऱ्या शिपायांचा, म्हणजे फितुरीची भीती नको. तर सांगतात असं, की खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार रोज गाणी म्हणायचा. गोऱ्यांना वाटायचं, गातोय बिचारा. तो गाण्यातून सुटकेचा बेत सांगत होता, चक्क मराठीत. १८१६ मध्ये एका पावसाळी रात्री त्रिंबकजी निसटले. त्याच भिंतींच्या आत १९ एप्रिल १९१० ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. कान्हेरे तर अठरा वर्षांचा. त्या बाजूनं रिक्षा जाते तेव्हा पहिली गोष्ट आठवून हसू येतं आणि दुसरी आठवून ते तिथंच थांबतं. त्या भिंतीजवळून मी अजून एकदाही नुसती गेलेली नाही.

पाऊस वाढला म्हणून मी मराठी ग्रंथसंग्रहालयात शिरले. १८९३ मध्ये वि. ल. भावे आणि त्यांच्या मित्रमंडळींनी ते सुरू केलं. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे तेच भावे. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी निघालं, हे माझे वडील घरी येणाऱ्या प्रत्येक मुंबईकराला सांगायचे, चहा यायच्या आत. त्यांचं कार्ड माझ्या कपाटात आहे. माझं स्वतःचं कधी संपलं ते कळलंही नाही. घोडबंदरला गेल्यावर पहिली दोन वर्षं पुस्तक बदलायला यायचे, मग दंड भरायला यायचे, मग येणंच थांबलं.

आत ओल्या छत्र्यांचा आणि जुन्या कागदाचा मिळून एक वास होता. माझ्यासारखे पावसानं ढकललेले दोघं-तिघं होते, बाकीचे नेमाचे. नेमाचे कोण ते लगेच कळतं: ते वर बघत नाहीत. एका आजोबांनी पेपरचं पान उलटलं, घडी बोटानं दाबून सरळ केली आणि मग वाचायला लागले. वडील अगदी असंच करायचे. मी एक दिवाळी अंक उचलला, तीन वर्षांपूर्वीचा, आणि त्यातली एक कथा पुरी वाचून काढली. घरी मला एका बैठकीत कथा वाचायला मिळून किती दिवस झाले, याचा हिशेब मांडायला गेले तर दिवस नव्हे, महिने निघाले. घड्याळ बघितलं तेव्हा दोन तासांवर पंचवीस मिनिटं झाली होती.

धावत जिन्याखाली पोचले. "दहा मिनिटं ताई." माझी साडी मशीनवर नव्हती, त्याच्या मांडीवरही नव्हती. ढिगात होती. मी काही बोलले नाही. बोलून टाके लवकर पडत नाहीत.

त्या दहा मिनिटांत, जी पाऊण तास चालली, मी शेवळं शोधली. बाजारात पावसाच्या सुरुवातीला शहापूर-मुरबाडकडच्या बायका रानभाज्या घेऊन येतात, फुटपाथवर प्लॅस्टिक अंथरून बसतात. टाकळा, कुर्डू, कोरलाची कोवळी पानं, आणि नशीब असेल तर शेवळं. एका म्हातारीपुढे चार जुड्या उरल्या होत्या. भाव करायची माझी हिंमत झाली नाही. ही बाई पहाटेची पहिली गाडी धरून आलेली, आणि मी बारा किलोमीटरवरून आल्याचं कौतुक मिरवतेय. तिनं एक शेवळ हातात घेऊन वरचं पान सोलून दाखवलं, कोवळं आहे म्हणून. आत देठाशी रंग होता तो, काकांनी घडी उलगडून दाखवलेला. अगदी तोच, ओला आणि गर्द. मी बघतच राहिले तशी म्हातारी म्हणाली, "घे की, खराब न्हाय." मी दोन जुड्या घेतल्या.

पिकोवाल्यानं साडी घडी करून तयार ठेवली होती. मी तिथंच उलगडून बघितली. वरून टाका दिसत नव्हता. एकही नाही. पैसे दिले, वर दहा रुपये सुटे होते तेही राहू दे म्हटलं, आणि येताना बसमध्ये उभ्या उभ्या मला चक्क त्याचं कौतुक वाटत होतं.

सासूबाईंनी आधी फॉल बघितला. खिडकीशी नेऊन, काकांसारखाच. "रंग बरोबर आहे," म्हणाल्या, आणि हे त्या सहसा म्हणत नाहीत. मग त्यांनी पदर खांद्याशी धरला, काठावरून हात खाली नेला आणि थांबल्या.

"हा फॉल वरच्या काठाला लावलाय."

मी जवळ जाऊन बघितलं. पदर इकडे, फॉल तिकडे. तीन मीटर, सुरेख हातशिलाई, वरून एकही टाका न दिसणारी, उलट्या काठाला. नेसली असती तर सबंध फॉल कमरेला खोचला गेला असता.

"उसवून पुन्हा लावून घ्यावा लागेल," सासूबाई म्हणाल्या आणि शेवळांची पिशवी पुढे ओढली. एक जुडी सोडली, वास घेतला, खूश झाल्या. मग पिशवीत हात घालून तळ चाचपला.

"आणि काकडं कुठायत?"

काकडं. शेवळांबरोबर घालायची ती आंबट हिरवी फळं. त्यांच्याशिवाय शेवळं घशाला खाजतात आणि घरातली सगळी माणसं रात्रभर घसे खाकरत एकमेकांकडे बघतात. म्हातारीच्या शेजारीच त्यांचा वाटा मांडलेला होता. मी रंग बघत बसले होते.

"उद्या जातेच आहेस ना," सासूबाई म्हणाल्या. "घेऊन ये तेव्हा."

मी साडीची घडी केली, जुना फॉल खूण म्हणून आत ठेवला, आणि कपाटातून वडिलांचं कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. उद्याही तो दोन तासांनी याच म्हणणार.